हजेरीच्या वहीत नाव कुणाचे?

मांजरसुंबा बहुतेकांनी पाहिलेले असते, तिथे उतरलेले मात्र थोडेच. बीडहून धाराशिव-सोलापूरकडे निघालेली गाडी पाली ओलांडून घाट चढते, बालाघाटच्या माथ्यावर येते आणि चौकात जराशी रेंगाळते. इथून एक रस्ता लिंबागणेश-पाटोद्याकडे जातो, दुसरा नेकनूरवरून केज-अंबाजोगाईकडे, आणि सरळ गेले की चौसाळा. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले भाविकही याच बाजूने जातात. चहा घ्यायचा, पाय मोकळे करायचे आणि पुढे जायचे, एवढाच प्रवाशाचा या गावाशी संबंध. पूर्वीचा २११ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आता ५२ क्रमांकाचा झाला, चौपदरी झाला आणि गाड्यांचा हा थांबाही आखडला.

मला या चौकाचे कुतूहल वेगळ्या कारणासाठी आहे. इथून माणसे ऊस तोडायला जातात हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दसरा झाला की ट्रक-ट्रॅक्टर भरू लागतात. त्यात बायाबापड्या, लेकरे, शेळ्या, पत्र्याच्या पेट्या, सरपण असे सारे बिऱ्हाड असते. त्यावर कथा-कादंबऱ्या झाल्या, चौकशी समित्या झाल्या, विधानसभेत प्रश्न झाले. पण कारखान्यांचा पट्टा पडला, की यांतलीच कितीतरी माणसे पुन्हा गाठोडी बांधतात. यावेळी ट्रक नसतो, एस.टी. असते किंवा काळीपिवळी. जायचे असते पुणे, चाकण, वाघोली, नाहीतर संभाजीनगर. काम असते बांधकामाचे: खोदाई, सेंट्रिंग, स्लॅब, प्लास्टर. या दुसऱ्या स्थलांतराविषयी फारसे कुणी लिहीत नाही. ट्रक दिसतो, एस.टी.त बसलेली माणसे दिसत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात मी दोन दिवस या भागात होतो. फाट्यावरच्या एका टपरीच्या सावलीत एक गवंडी भेटला. वय चाळिशीचे, बोलणे मोजके, आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. कसे झाले म्हणून विचारले.

"सेंट्रिंग खोलत व्हतो. दुसऱ्या मजल्यावर. फळी निसटली."

"कुणाच्या कामावर?"

"मिस्त्रीच्या."

"मिस्त्री कुणाचा?"

"गुत्तेदाराचा."

"आणि गुत्तेदार कुणाचा?"

तो हसला. "त्याला म्या कधी बघितलंच न्हाई, साहेब. पाटीवर मोठं नाव व्हतं, इंग्रजीत. ते वाचायची येळच आली न्हाई."

दवाखान्याचे काय झाले, असे पुढे विचारले. मिस्त्रीने पहिल्या दिवशी पैसे भरले होते. माणूस बरा होता. पण ते पैसे त्याने वहीत उचलीच्या खात्यावर मांडले. म्हणजे खांदा मोडला गवंड्याचा, आणि त्याची दुरुस्तीही गवंड्याच्याच कर्जात. पुढचे तीन महिने त्याची बायको त्याच मिस्त्रीकडे घमेली उचलत ते फेडत होती.

उचल हा शब्द बीडच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. हंगामाआधी मुकादम रक्कम हातावर ठेवतो आणि मग ती अंगावर फेडायची. उसाच्या फडातली ही रीत बांधकामावर जशीच्या तशी गेली आहे. वर इमारतीचा मालक किंवा विकासक, त्याच्याखाली मोठा ठेकेदार (आमच्याकडे गुत्तेदार), त्याच्याखाली सेंट्रिंगचा वेगळा, सळईचा वेगळा, प्लास्टरचा वेगळा असे पोटगुत्तेदार, त्यांच्याखाली मिस्त्री नाहीतर मुकादम, आणि अगदी तळाला नवरा-बायकोची जोडी. प्रत्येक पायरीवर काम खाली सरकते आणि थोडा पैसा वर राहतो. जबाबदारी मात्र काम ज्या पायरीपर्यंत उतरते तिथपर्यंत उतरत नाही. ती मध्येच कुठेतरी हरवते. अपघात झाला की प्रत्येकजण खालच्याकडे बोट दाखवतो. सगळ्यात खालच्याला बोट दाखवायला कुणी उरत नाही.

बांधकामावरच्या सुरक्षिततेची चर्चा निघाली की आपण लगेच हेल्मेट, पट्टा, जाळी यांवर येतो. त्या वस्तू हव्यातच. पण माझ्या मते त्यांच्याही आधी एक साधी गोष्ट येते. आज सकाळी या जागेवर किती माणसे चढली, कोणकोण, हे कुणाच्या तरी वहीत लिहिलेले आहे का? ज्याचे नावच नाही त्याच्या मापाचे बूट कोण आणणार? जो सोमवारी आला आणि शनिवारी बदलला, त्याला पट्टा कसा अडकवायचा हे शिकवणार कोण, आणि कशासाठी? परांचीला कठडा बांधायला अर्धा दिवस जातो. ज्याला चौरस फुटावर पैसे मिळतात तो मिस्त्री हा अर्धा दिवस आपल्या पदरचा घालवणार नाही. ज्याने तो घालवायचा, त्या वरच्या माणसाला खालचा माणूस माहीतच नसतो.

यात आमच्याच भागाचा एक जुना धडा आहे. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसे या गावांतून अजून आहेत. त्या दुष्काळात मराठवाडा रस्त्यावर आला तो शब्दशः. खडी फोडायची, नालाबंडिंग करायचे, पाझर तलावावर माती टाकायची. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख माणसे अशा कामांवर होती. बांधकाम मजुरांचा एवढा मोठा मेळा महाराष्ट्राने त्याआधी पाहिला नसेल. काम उन्हातले, हात फुटायचे, खडीची कपची डोळ्यात जायची. त्याचे गोडवे गाण्यासारखे काही नाही. पण त्या कामावर एक मस्टर होते. सकाळी मस्टर कारकून नावे पुकारायचा. आठवड्याला मापे निघायची. मुलांना आणि मजुरांना सुकडी मिळायची. ती सुकडी आणि लाल मिलो यांची चव ऐंशीच्या घरातली माणसे आजही तोंड वाकडे करून सांगतात, आणि तीच माणसे त्यानेच जगलो असेही सांगतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ च्या कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार, लहान मुलांसाठी पाळणाघर या गोष्टी मजुराचा हक्क म्हणून तिथे लिहिल्या गेल्या.

त्या मस्टरवर खोटी नावेही भरपूर असत, हे सांगितले नाही तर बीड-लातूरचे वाचक मला हसतील. मेलेली माणसे खडी फोडत, मुंबईला नोकरीला असलेले भाऊ पाझर तलावावर माती टाकत. तेव्हा नसलेल्या माणसांची नावे वहीत होती. आता असलेल्या माणसांची नावे वहीत नाहीत. पन्नास वर्षांत आपण एवढे अंतर कापले.

कायदा नव्हता असे नाही. १९९६ मध्ये संसदेने इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि त्याच्या जोडीला उपकराचा कायदा केला. बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का रक्कम बाजूला काढायची आणि ती राज्याच्या कल्याणकारी मंडळाने कामगारांवर खर्च करायची, अशी ती योजना. महाराष्ट्राने नियम केले २००७ मध्ये आणि मंडळ उभे राहिले २०११ मध्ये. पैसा जमला, भरपूर जमला. सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात देशभराचा हिशेब मांडला तेव्हा ३७,४०० कोटींहून अधिक उपकर गोळा झाला होता आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. त्या खर्चातही काही ठिकाणी लॅपटॉप आणि कपडे धुण्याची यंत्रे खरेदी झाल्याचे न्यायालयापुढे आले. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या, टँकरचे पाणी भरणाऱ्या बाईने धुलाई यंत्राचे काय करायचे असते, हे खरेदी करणाऱ्यांनाच ठाऊक.

महाराष्ट्रातल्या नोंदीचा नियम वरवर सोपा आहे. वय १८ ते ६०, आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. हा दाखला द्यायचा कुणी? ज्याच्याकडे काम केले त्याने. तो देत नाही, कारण दिला तर आपल्याकडे एवढी माणसे होती हे कागदावर येते. मग ग्रामसेवकाने द्यायचा. गावात बसलेल्या ग्रामसेवकाला पुण्यातल्या स्लॅबवर कोण चढले ते कसे कळावे? खऱ्या गवंड्याला दाखला मिळत नाही. ज्याने आयुष्यात कधी थापी धरली नाही त्याला मात्र एजंट मिळवून देतो. खोट्या नोंदींच्या तक्रारी मग सगळीकडून येतात आणि त्यावर उपाय म्हणून तपासणी कडक होते. तिच्यात पुन्हा खराच माणूस अडकतो.

ज्यांची नोंद झाली त्यांच्या घरी मंडळाची पेटी आली. मी या भागातल्या तीन-चार घरांत ती पाहिली. मच्छरदाणी वापरात होती, डबाही वापरात होता. हेल्मेट एका घरी खुंटीला टांगलेले होते आणि त्यात लसणाच्या कुड्या ठेवलेल्या होत्या. यावर हसू येते, पण त्या घरच्या कारभारणीचा हिशेब चूक नव्हता. "कामावर घालून गेलं तर मिस्त्री म्हणतो, लई शाना झालास का," ती म्हणाली. एकट्याने हेल्मेट घालणे हा जणू मिस्त्रीवरचा आरोप ठरतो. सगळ्यांनी घातले तर ती शिस्त होते. शिस्त घरी वाटलेल्या पेटीतून येत नाही. ती कामाच्या जागेवर असावी लागते.

मोठे अपघात झाले की आपल्याला ही माणसे दिसतात. २९ जुलै २०१६ ला पुण्यात बालेवाडीला उंच इमारतीचा स्लॅब भरताना कोसळला आणि नऊ मजूर गेले. २९ जून २०१९ च्या पहाटेआधी कोंढव्यात पावसाने सोसायटीची संरक्षक भिंत खालच्या पत्र्याच्या खोल्यांवर पडली. त्यात १५ जण दगावले आणि त्यांत लहान मुले होती. ती माणसे कामावर नव्हती, झोपली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये येरवड्याला रात्री सळयांची जाळी अंगावर येऊन बिहारचे पाच जण गेले. आणि ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यातल्या सरलांबे इथे पुलाचे गर्डर चढवणारे अवाढव्य यंत्र गर्डरसकट खाली आले. वीस जण ठार झाले. पुढे ५ जून २०२५ ला तो ७०१ किलोमीटरचा महामार्ग पूर्ण खुला झाला. त्यावरून मुंबई-नागपूर आठ तासांत, हे आपण कौतुकाने सांगतो, आणि त्यात गैर काही नाही.

या चार घटना शेजारी ठेवल्या तर एक गोष्ट लक्षात येते. दोन रात्रपाळीत घडल्या, एक झोपेत. बांधकाम मजुराची सुरक्षितता कामाच्या आठ तासांपुरती मोजता येत नाही. तो जिथे काम करतो तिथेच, किंवा त्याच्या भिंतीला लागून, राहतो. त्याची खोली कुठे बांधायची हे इमारतीच्या नकाशात नसते. उरलेल्या जागेत, उतारावर, भिंतीच्या कडेला, नाल्याच्या तोंडाशी ती उभी राहते. आणि जोडी कामावर गेली की लेकरू त्या उरलेल्या जागेतच खेळते. वाळूच्या ढिगावर, मिक्सरच्या मागे, लिफ्टच्या खड्ड्याजवळ. १९६९ मध्ये दिल्लीत मीरा महादेवन यांनी अशाच एका बांधकामावर मुलांना मातीत पडलेले पाहून फिरते पाळणाघर सुरू केले आणि ते काम नंतर मुंबई-पुण्यातही गेले. पाळणाघर म्हटले की ती एक दयेची गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती सुरक्षेची आहे. जिचा जीव खाली खेळणाऱ्या लेकरात अडकला आहे, त्या बाईचा पाय शिडीवर ठरत नाही.

शहरातल्या या अपघातांची निदान बातमी तरी होते. आमच्याकडच्या विहिरींची तीही होत नाही. बालाघाटात माती वीतभर आणि खाली काळा पाषाण. विहीर खोदायची म्हणजे यारी लावायची, तारेच्या दोरावर माणसे खाली सोडायची, छिद्रे पाडून सुरुंग भरायचे, मग फुटलेला दगड बादलीने वर ओढायचा. दोर तुटतो, बादलीतला दगड सुटतो, काठावरची सैल माती ढासळते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एखादा तोटा न उडता दगडात तसाच राहतो आणि दुसऱ्या दिवशी पहारीचा घाव त्यावर बसतो.

विहिरीवरच्या एका जुन्या माणसाने मला त्यांची रीत सांगितली. जितके तोटे भरले तितके आवाज मोजायचे. सात भरले आणि सहाच आवाज आले तर त्या दिवशी कुणी खाली उतरायचे नाही, मालक कितीही ओरडला तरी. दोन तोटे एकदम उडाले तर आवाज एकच येतो, म्हणून मोजायला दोन माणसे, दोन वेगळ्या बाजूंना. "आन् दोघांचं जमलं तरच खाली." कोणत्याही पुस्तकात शोभेल असा हा नियम आहे. पण तोही टोळी कायम असेल तरच टिकतो. नव्याने जमवलेल्या चार पोरांना मोजायला शिकवायला त्या म्हाताऱ्यासारखा कुणी सोबत लागतो. परवानाधारक सुरुंगवाला बोलवायचा तर पैसे लागतात आणि अनुदानाच्या विहिरीत ते बसत नाहीत.

जगात हे प्रश्न सुटलेच नाहीत असे नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला. त्याकाळी तिकडे दर दहा लाख डॉलरमागे एक जीव जायचाच असा हिशेब धरीत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली सर्कशीत असते तशी जाळी बांधली आणि हेल्मेट सक्तीचे केले. त्या जाळीने १९ जणांना झेलले. नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परत आलेल्यांचा क्लब असे त्यांनी आपल्या टोळीला नाव दिले. पण १७ फेब्रुवारी १९३७ ला एक मचाण तुटून जाळीवर पडले, जाळी फाटली आणि दहा जण समुद्रात गेले. जाळी माणूस झेलू शकते, मचाण नाही. आधी मचाणच नीट असावे लागते.

लंडनने २०१२ च्या ऑलिंपिकसाठी मैदाने बांधली तेव्हा ऑलिंपिक पार्कच्या बांधकामात एकही माणूस दगावला नाही. १९९४ पासून ब्रिटनमध्ये असा नियम आहे, की ज्याचे बांधकाम आहे त्या मालकाने आणि ज्याने नकाशा काढला त्या वास्तुविशारदानेही सुरक्षेची जबाबदारी घ्यायची. ती ठेकेदारावर ढकलून मोकळे व्हायचे नाही. लंडनच्या कामावर आणखी एक गोष्ट केली गेली. कामगार सकाळी न खाता येतात आणि उपाशीपोटी चुका होतात, हे ओळखून तिथल्या उपाहारगृहात सकाळी स्वस्त लापशी ठेवली. हे वाचले तेव्हा मला आमची सुकडी आठवली. आपल्याला हे ठाऊक होते आणि आपण ते विसरलो.

आता कायदा पुन्हा बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९९६ चा कायदा त्यांत विरला. नव्या व्यवस्थेत एक वाक्य फार मोलाचे आहे: प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचे. माझ्या गवंड्याला ते मिळाले असते तर त्याने पाटीवरचे इंग्रजी नाव वाचायची गरजच नव्हती. पण त्याच संहितेत ठेकेदाराच्या परवान्याची मर्यादा २० मजुरांवरून ५० वर गेली आहे. आमच्या भागातून जाणारी टोळी बहुधा वीस-पंचवीस-तीस जणांची असते. ती नेणारा आता परवान्याच्या जाळ्याबाहेर. पाणी, सावली, मुताऱ्या यांची जबाबदारी मुख्य मालकाची राहते, हे खरे. स्वतःसाठी बांधलेले ५० लाखांपर्यंतचे घर मात्र या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. गावात आणि लहान शहरांत तर सारी कामे तशीच असतात.

आणखी एक गंमत. गंमत म्हणायला जीभ अडखळते. स्थलांतरित मजुरांचे विशेष हक्क १९७९ च्या कायद्याने दिले ते राज्याबाहेर जाणाऱ्याला, आणि नवी संहिताही आंतरराज्य हाच शब्द वापरते. बीडचा माणूस ऊस तोडायला कर्नाटकात गेला तर तो स्थलांतरित. तोच स्लॅब भरायला पुण्यात गेला, घरापासून दोन-अडीचशे किलोमीटर लांब, तर कायद्याच्या दृष्टीने तो घरीच आहे.

भरपाईचेही वाचकांना सांगायला हवे, कारण त्याबद्दल फार अज्ञान आहे. १९२३ च्या जुन्या कायद्याचे सूत्र नव्या संहितेतही तसेच ठेवले आहे: कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. तिशीच्या माणसासाठी तो आकडा २०७.९८ आहे. २०२० मध्ये हिशेबासाठी पगाराची कमाल मर्यादा १५,००० रुपये ठरली, म्हणजे निम्मे ७,५०० आणि गुणाकार १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. मंडळाकडे नोंद असेल तर तिथली पाच लाखांची मदत वेगळी. मयताची भरपाई परस्पर हातात देऊन भागत नाही, ती सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. तरीही दहाव्याच्या आत कुणीतरी दोन-तीन लाखांचा आकडा घेऊन घरी येतो, कोऱ्या कागदावर अंगठा घेतो आणि प्रकरण मिटते. न मिटवावे तर आधी सिद्ध करायचे असते की तो माणूस त्या जागेवर कामाला होता. पुन्हा तीच वही.

वही करता येते. उसाच्या बाबतीत ते सुरू झालेच आहे. ग्रामसेवकाने ऊसतोड कामगारांची नोंद करायची आणि ओळखपत्र द्यायचे, असे ठरले. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले, कारखान्याने टनामागे काही रक्कम द्यायची असे झाले. मग त्याच माणसाची उन्हाळ्यातली नोंद वेगळ्या खात्यात, वेगळ्या नियमाने, वेगळ्या दाखल्याने कशाला? एक माणूस, एक वही, आणि तिच्यात वर्षभराची कामे. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रमची नोंदणी झाली, तिच्यात तीस कोटींवर नावे आली. पण तो माणूस आज कोणत्या जागेवर आहे, हे ती यादी सांगत नाही. बांधकामाच्या परवानगीबरोबर रोजची हजेरी जोडता येईल. रोजच्या हजेरीशिवाय पुढच्या मजल्याची परवानगी नाही, एवढे एखाद्या महापालिकेने ठरवले तर कायदा बदलावा लागणार नाही.

आणि आपणही आहोतच. आपल्या घराच्या स्लॅबला आपण नारळ फोडतो, मजुरांना गोड जेवण घालतो. ही आपल्याकडची फार चांगली रीत. त्याच दिवशी कडेला कठडा बांधलाय का, शिडी वरून बांधलीय का, खड्डा दीड मीटरहून खोल असेल तर बाजूला आधार लावलाय का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. मिस्त्रीला म्हणावे, आज आलेल्यांची नावे एका कागदावर लिही आणि मला दे. तो आश्चर्याने बघेल. देईल मात्र.

परत निघताना नेकनूरच्या बाजूला एका घरी थांबलो होतो. भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचे कालनिर्णय होते. त्यातल्या कित्येक तारखांवर निळ्या पेनाने टिंबे केली होती. घरची बाई म्हणाली, ज्या दिवशी ती घमेली उचलायला गेली त्या दिवशी टिंब. काम कुठेही असो, परत आल्यावर नवऱ्याला विचारून विचारून तिने ती भरली होती. एकूण १३४ टिंबे होती. नव्वदाचा दाखला मागायला ती ते कॅलेंडर गुंडाळून तालुक्याच्या एका कचेरीत घेऊन गेली होती. कारकुनाने ते उलगडून पाहिले, हसला नाही, नीट घडी करून परत दिले आणि म्हणाला, मावशी, यावर कुणाची सही नाही.